दिगूचा गुरुवारचा फोन
दिगू गेल्याचा निरोप आला तेव्हा मी हिंगोलीच्या बाजारात वांगी निवडत होतो. त्याच्या धाकट्या भावाचा फोन होता. "बापूदादा, दिगूदादा गेला… अटॅक आला." मी आधी हसलोच. थट्टेपायी दिगू असले फोन दुसऱ्याकडून करवायचा. मग पलीकडचं रडणं ऐकू आलं. त्या हसण्याची मला दहा दिवस लाज वाटत होती. आता वाटत नाही.

दिगू गावोगाव फिरून लोकांना हसवायचा. पोरं त्याला स्टँडअप म्हणायची, तो स्वतः 'उभ्यानं बडबड' म्हणायचा. मसाला तासाभराचाच, वर्षानुवर्षं तोच, पण शिळा झाला असं कधी कुणी म्हटलं नाही. कारण दिगू कार्यक्रमाच्या दोन तास आधी गावात पोचायचा आणि दाढी असो-नसो, न्हाव्याच्या खुर्चीत जाऊन बसायचा. तिथं गाव कळतं म्हणे. औंढ्याला भाविकांपुढे त्याच्या गोष्टीतल्या माणसाची चप्पल देवळाबाहेर हरवायची. कनेरगाव नाक्याला ढाब्यामागच्या अंगणात तोच माणूस ट्रकमध्ये बसायचा, आणि रस्त्यावर खराखुरा हॉर्न वाजला की दिगू मधेच ओरडायचा, "थांब रे, उतरून राहिला तो!" नरसीला मात्र तो सावकाश सुरुवात करायचा. तिथली माणसं कीर्तन ऐकून मुरलेली, घाई केली की तोंड फिरवतात. "आन् एक ध्यानात ठेव बापू," तो म्हणायचा, "समोर बसलेल्या माणसाला हसायचं न्हाई. येडं माणूस कायम दुसऱ्या गावचं पायजे." हे वाक्य मी शाळेत पोरांना कौतुकानं सांगत आलो. मास्तर माणूस मी, मला त्यात मोठा सभ्यपणा दिसायचा.

दर गुरुवारी संध्याकाळी त्याचा फोन यायचा. "शनिवारी अमक्या गावाला हाय. तू येऊन राहिला का?" येतो म्हटलं की म्हणायचा, "मंग पुढंच बस." नाही म्हटलं की, "बरं बरं, आराम कर." मी बायकोपुढे मिरवायचो, एवढा कलावंत, पण मला विचारल्याशिवाय पाऊल टाकत नाही! शेवटचा फोन कनेरगावच्या कार्यक्रमाचा होता. माझा गुडघा धरला होता, मी नाही म्हणालो.

आता कावळ्याचं सांगतो. माझे वडील गेले तेव्हा दहाव्याला पिंडाला कावळा शिवेना. माझ्या आक्कानं स्वतःच्या मनानं लग्न केलं म्हणून वडिलांनी तिला तोडलं होतं, पण शेवटी शेवटी झोपेत तिचंच नाव घ्यायचे. मी पिंडापाशी वाकून पुटपुटलो, "आक्काला माहेरी आणतो." लगेच कावळा उतरला. आणि मी आक्काला आणलं नाही. भाऊबंदांपुढे तोंड उघडायची हिंमत झाली नाही. मेलेल्या बापाला फसवलं, हे मी जन्मात एकाच माणसाला सांगितलं. कयाधूच्या काठी, रडत. दिगूनं माझ्या पाठीवर हात ठेवला होता…

दिगूच्या दहाव्याला त्याच कयाधूकाठी आम्ही दीड तास उभे होतो. कावळे झाडावर बसलेले, खाली एकही येईना. दिगूची बायको म्हणाली, "भावजी, तुमीच काईतरी सांगा त्याह्यला. तुमचं ऐकतील." मी पुढे झालो. तेवढ्यात कनेरगावहून आलेला एकजण शेजारच्याला म्हणाला, "हेच का ते कावळ्याचे मास्तर?" आणि त्याला हसू आवरेना. मी विचारलं तेव्हा तो बिचारा भाबडेपणानं म्हणाला, "काहून, तुमाला म्हाईत न्हाई? शेवटच्या कार्यक्रमात लई रंगवलं त्यांनी. मास्तर कावळ्याला शबुद देतो आन् घरी जाऊन झोपतो. लोकं पोट धरून हसून राहिले होते."

मी मागे फिरलो. दिगूला एक शब्द दिला नाही. शेवटी भटजींनी दर्भाचा कावळा करून पिंडाला लावला.

महिन्यानं वहिनींनी त्याची वही माझ्याकडे पाठवली, तुमीच जपा म्हणून. एकेका कार्यक्रमाला एकेक पान, वर गावाचं नाव. औंढा : चप्पल, मग कावळा. कनेरगाव : हॉर्न, मग कावळा. नरसी : सावकाश, कावळा शेवटी. आणि हिंगोलीच्या पानावर, मग जिथं जिथं मी गेलो त्या प्रत्येक पानावर, ठळक अक्षरात : 'बापू येणार. कावळा नको.' म्हणजे त्याला कळत होतं. विसरून, ओघात बोलून गेला असता तर मी माफ केलं असतं. तो दर गुरुवारी मला विचारून ठरवत होता. आणि मी खुळ्यासारखा गुडघे चोळत म्हणायचो, नाही रे, यावेळी जमत नाही. कसला राग येतो म्हणून सांगू! दोन वेळा ती वही चुलीत घालायला उठलो. घातली नाही.

गुरुवारी संध्याकाळी माझा हात अजून फोनकडे जातो. वही शेजारीच असते. तिच्यात पुढच्या कार्यक्रमांची चार गावं लिहिलेली आहेत, त्यांची पानं अजून कोरी आहेत. फोन वाजला तर काय म्हणायचं ते मी ठरवून ठेवलंय. येतो रे दिगू. गुडघा दुखू दे नाहीतर तुटू दे, चारी गावांना येतो… पुढंच बसतो.