गारांची बरणी
गारा मिठात घालून टिकवायला निघालेली बाई उभ्या पनवेलात मी एकटीच. परवा नातवाने माझ्या पाठीत बर्फाचा खडा सोडला आणि ते आठवलं. संयुक्त महाराष्ट्राचे दिवस होते. दादूस, माझा थोरला भाऊ, मुंबईला मोर्चात गेलेला आणि तिकडे गोळीबार झाल्याचं कानावर आलेलं. आई दारातून हलेना, बाबा मिठागरातून येऊन ओटीवर येरझाऱ्या घालत होते. शेजारच्या रेडिओवर बातम्यांऐवजी कुठलंसं नवं गाणं लागलं, आणि तेवढ्यात ताडताड गारा! जन्मात पहिल्यांदा पाहिल्या. जीव थाऱ्यावर नव्हता, तरी मी सोळा वर्षांची घोडी त्या गाण्यावर अंगणात नाचले. मग दादूससाठी ओंजळभर वेचल्या. मासळी मिठात टिकते, मग गारा का नाही? बरणीत मीठ, त्यावर गारा, घट्ट झाकण, आणि कान सारखा वाटेकडे. तिन्हीसांजेला दादूस लंगडत आला, लाठीने घोटा टम्म सुजलेला. मी ऐटीत बरणी उघडली, तर आत नुसतं खारं पाणी! माझा उतरलेला चेहरा बघून तो म्हणाला, “रडू नको गं बाय, सुजलेला पाय शेकायला मिठाचं पानीच लागतं. जा, गरम करून आन.”