निघताना विचारलेला प्रश्न

"तो हॉल्ट काढून टाका," साहेब फोनवर म्हणाले. "आकडे समोर आहेत. त्या गावातून लांब कुणी जातच नाही."

मी तुळजापूरच्या एसटी स्टँडसमोर चहा पीत उभी होते, साहेब पुण्याच्या ऑफिसात. आमची छोटी कन्सल्टन्सी आहे. नवी रेल्वेलाइन आखायची झाली, की तिच्यावर कोण कुठून कुठं जाईल याचा अंदाज आम्ही बांधून देतो. लोक विचारतात, तुम्ही नेमकं करता काय? मी सांगते, अजून न आलेल्या गाडीचे प्रवासी मोजते. ऐकणाऱ्याला वाटतं, बाई चेष्टा करतेय.

हॉल्ट म्हणजे सगळ्यात लहान स्टेशन. एक प्लॅटफॉर्म, एक तिकीट खिडकी. पॅसेंजर थांबते, बाकीच्या गाड्या धूळ उडवत जातात. सोलापूर-तुळजापूर-धाराशिव या नव्या लाइनवर, धाराशिव आणि तुळजापूरच्या मधल्या एका गावाला असा हॉल्ट सुचवला होता. गावाचं नाव सांगत नाही, तिथल्या लोकांनी माझ्यावर खूप विश्वास टाकलेला आहे.

"सर, पुन्हा एकदा बघून येते," मी म्हटलं.

"बघा. पण डेटा म्हणजे डेटा."

मी धाराशिवचीच. लहानपणी रेल्वेनं जायचं म्हणजे आधी एसटीनं येडशी गाठायची. जुनी नॅरोगेज, म्हणजे अरुंद रुळांची लाइन, जिल्ह्याच्या गावाला बाजूला ठेवून गेली होती. पुढं रूळ रुंद करताना लाइन वाकवली आणि गाडी शहराला आली. तोवर किती पिढ्या वळकट्या सांभाळत येडशीला गेल्या असतील. नकाशावरून एक ठिपका पुसायला क्षण पुरतो, तो परत यायला माणसाचं आयुष्य जातं. म्हणून साहेबांचं 'काढून टाका' मला झोंबलं.

आमचा सर्व्हे साधा असतो. फाट्यावर, स्टँडवर उभं राहायचं आणि निघालेल्या माणसाला विचारायचं, कुठून निघालात, कुठं जाणार? याला ओरिजिन-डेस्टिनेशन सर्व्हे म्हणतात. तिकिटांवरून अंदाज का बांधत नाही? कारण इथला माणूस काळीपिवळी जीपनं तुळजापूरला येतो आणि पुढची गाडी धरतो. जीपला तिकीट नसतं. त्याचा खरा मुक्काम फक्त त्यालाच माहीत.

सकाळी त्या गावाच्या फाट्यावर टॅब्लेट घेऊन मी स्वतःच उभी राहिले. जीप भरत आली होती. नऊवारीतल्या एक मावशी पिशवी छातीशी धरून चढत होत्या. मी हसून विचारलं, "मावशी, कुठं निघालात?"

मावशींनी आत टाकलेला पाय खाली घेतला.

"आता काय म्हणावं गं तुला! निघता निघता टोकलंस? नातीचं लगीन जमवाया निघाले म्या, आन् तू मधीच कुठं म्हणून इचारतीस?"

जीपवाला हॉर्न वाजवत होता. मावशी म्हणाल्या, "जा रं तू. म्या न्हाय येत." जीप गेली. मावशी झाडाखाली बसल्या आणि माझ्याकडंच पाणी मागितलं. टोकलं गेलं, की जरा टेकायचं, घोटभर पाणी प्यायचं आणि नव्यानं निघायचं. आमच्या घरीही हेच होतं. वडिलांना निघताना 'कुठं' विचारलं, की ते चपला काढून परत घरात येत.

मी तिथंच टॅब्लेट उघडून आधीची उत्तरं वाचली. 'इथंच.' 'जरा पुढं.' 'हे काय, तुळजापूरपर्यंत.' सगळी स्थानिक प्रवासात मोजली गेलेली. आमचा प्रश्नच अपशकुनी होता आणि लोक आपल्या परीनं तो टाळत होते. मला हसूही येत होतं आणि अंगावर काटाही.

गायकवाड सर त्याच गावचे. निवृत्त मुख्याध्यापक. हॉल्टसाठी त्यांनी आमच्याकडं किती फोन केले असतील! त्यांच्या पत्नी सुमनताईंना डायलिसिससाठी सोलापूरला न्यावं लागतं. जीप, मग बस, मग रिक्षा, आणि परत येताना सुमनताईंना धड बसवत नाही. सरांना तो हॉल्ट कशासाठी हवा होता, हे उघड होतं. मी त्यांच्या घरी गेले.

"सर, फाट्यावर आमच्या माणसांनी तुम्हालाही विचारलं होतं ना? काय सांगितलंत?"

सर भिंतीवरच्या बुद्धाच्या तसबिरीकडं बघत राहिले. "जरा पुढं, म्हणालो."

"तुम्ही? जन्मभर विज्ञान शिकवलंत, शकून-अपशकून मानत नाही..."

"मी न्हाय मानत. पण ही शेजारी उभी व्हती. डायलिसिसला निघालोय, असं हिच्यासमोर मोठ्यानं कसं बोलू?"

आतून सुमनताई म्हणाल्या, "अवो, पर ती रेल्वेची माणसं हायत, हे तरी ध्यानात ठेवायचं!"

संध्याकाळी मी फाट्यावर परत गेले. या वेळी उतरणाऱ्यांना गाठलं आणि विचारलं, "कुठून आलात?" लोक भडाभडा बोलायला लागले. कुणी सोलापूरच्या दवाखान्यातून, कुणी पोराच्या हॉस्टेलवरून, कुणी लग्नाचा बस्ता बांधून. डॉक्टर काय खेकसला, हेही सांगून झालं. शेवटच्या जीपमधून मावशी उतरल्या. मला बघून लांबूनच ओरडल्या, "जमलं गं! सोलापुरातच दिली! लई चांगली माणसं हायत."

मी साहेबांना फोन लावला. सगळं सांगितलं.

"काल निघताना बायकोनं मला 'कुठं' विचारलं," साहेब म्हणाले, "तर आईनं मला पाच मिनिटं सोफ्यावर बसवून ठेवलं." मग खाकरले. "पण हे रिपोर्टमध्ये लिहायचं कसं?"

"प्रश्नाची वेळ बदलली, एवढंच लिहू."

सगळा सर्व्हे परतणाऱ्यांवर पुन्हा केला. साहेबांनी आकडे पाहिले आणि सही केली. हॉल्ट रिपोर्टात राहिला, पुढं रेल्वेतल्या वरच्यांनीही ठेवला. तेव्हापासून आमच्या फॉर्मवर पहिला प्रश्न 'कुठून आलात?' हा असतो. माणूस परत आल्यावर खरं बोलतो, त्याला तेवढा वेळ दिला पाहिजे.

बातमी सांगायला मी गावात गेले, तर सर आणि सुमनताई फाट्यावर जीपची वाट बघत उभे होते. हातात नेहमीची पिशवी. तोंडापर्यंत आलेला प्रश्न मी गिळला.

"या जाऊन," म्हटलं.

"शिकलीस की," सुमनताई हसल्या.

हॉल्टचं ऐकून सरांनी माझा हात धरला. सुमनताई मात्र रस्त्यापलीकडं बघत होत्या. तिथं मातीच्या भरावाची खूण म्हणून नुसते दगड रोवलेले होते.

"मग कुठवर आलीया गं गाडी?" त्यांनी विचारलं.

या प्रश्नाचं खरं उत्तर मला माहीत होतं. भूसंपादन, पूल, रूळ, पुढच्या कित्येक वर्षांचं वेळापत्रक मला पाठ होतं.

"इथंच आहे, ताई," मी म्हटलं. "जरा पुढं."