लेकीच्या नावाचं छत्र

पोटगी मी कधी चुकवली नाही. कंपनीच्या कँटीनमध्ये कुणाच्या मोडलेल्या संसाराचा विषय निघाला की मी हे हळूच सांगायचो. पगार झाला की पहिलं तेच, मग बाकीचं. लोक मान डोलवायचे. कुणी म्हणायचं, तुमच्यासारखे बाप कमी. मी चहाचा घोट घ्यायचो आणि तो शब्द खिशात घातल्यासारखा घेऊन परत स्टोअरमध्ये जायचो. तळोज्याच्या एका रंगाच्या कंपनीत मी स्टोअर सांभाळतो. कुठल्या रॅकवर किती पिंपं आहेत हे मला विचारा, चुकणार नाही. स्वतःच्या घरातलं विचारलं की मात्र माझी वाचा बसते.

लेक तिच्या आईबरोबर नेरूळला राहते, मी बोनकोड्यात. आमचं लग्न कॉलेजातलं. ती देशावरच्या नोकरदार घरातली, मी खाडीकाठचा आगरी. का मोडलं ते इथे लिहीत नाही, त्यात तिची चूक कमी आणि माझं गप्प बसणं जास्त होतं, एवढंच. कोर्टाने लेकीसाठी दरमहा रक्कम ठरवली तेव्हा ती बालवाडीत होती. पुढे एकदा थोडी वाढली. बस.

मग प्लॉटचे पैसे आले.

आमची भातशेती या शहरासाठी गेली. ज्यांची गेली त्यांना त्यातली साडेबारा टक्के जमीन प्लॉट पाडून परत मिळायची होती. वडिलांनी त्यासाठी सरकारी कचेरीच्या फेऱ्यांत चपला झिजवल्या आणि ते गेल्यावर प्लॉट आला. आम्ही दोन भाऊ, एक बहीण. बहिणीने हक्क सोडल्याच्या कागदावर सही केली. आमच्याकडे बहिणी करतात, त्यांना साडी नेसवतात. प्लॉट बिल्डरने घेतला. पगारात मी जन्मभर पाहिली नसती एवढी रक्कम एका दुपारी माझ्या खात्यात आली.

भावाने मोठी गाडी घेतली. मी काहीच घेतलं नाही. तीच स्कूटर, तोच डबा. हा माझा साधेपणा आहे असं मला वाटायचं. खरं म्हणजे मी लपलो होतो. वकिलांकडे जाऊन आलो होतो ना. ते म्हणाले होते, "पोटगी आपोआप वाढत नसते. परिस्थिती बदलली म्हणून कुणीतरी अर्ज करावा लागतो. त्यांनी केला तर बघू. तुम्ही कशाला टेन्शन घेताय?"

मी टेन्शन घेतलं नाही.

त्यानंतर लेकीच्या आईचा एकदा फोन आला होता. क्लासची फी वाढली आहे, थोडं जास्त जमेल का, असं तिने विचारलं.

"अगं, पगार तेवढाच आहे," मी म्हणालो.

"बरं. राहू दे, बघते मी."

पगार तेवढाच होता. एक अक्षर खोटं नव्हतं. त्या वाक्याचा मला पुढे कितीतरी दिवस आधार वाटत राहिला, आता ते आठवलं की कानशिलं तापतात.

महिन्यातून एका रविवारी मी आणि लेक नेरूळ स्टेशनजवळच्या हॉटेलात डोसा खायचो. तिला फिजिओथेरपी शिकायची होती. हे खूळ माझ्यामुळेच शिरलं. पिंपं सरकवून माझी मान आखडते आणि लेक लहान असल्यापासून ती दाबून देते. डोसा यायच्या आत तिचा अंगठा माझ्या मानेवर असायचा.

"इथे दुखतं?"

"हं."

"दुखू दे. खोटं बोलणाऱ्यांची इथेच आखडते."

ती असंच काहीही बोलायची. मी मात्र घाईघाईने वेटरला हाक मारायचो.

बारावीची परीक्षा झाली आणि एका रविवारी तिने चटणीत डोसा बुडवता बुडवता सांगितलं, "फिजिओचं कॅन्सल. सरकारी मिळेल असं वाटत नाही आणि खासगीची फी आईने कागदावर तीनदा मांडून बघितली. मग म्हणाली, पाटल्या मोडते. मी म्हटलं, अजिबात नाही, मी बीएस्सी करते."

त्या पाटल्या माझ्या आईच्या. वेगळे झालो तेव्हा बायकोने आमच्याकडचा एकूण एक दागिना परत आणून दिला होता. आईने बाकीचं घेतलं, पाटल्या सरकवल्या तिच्याकडे. "या सूनंला नाय दिल्या, नातीच्या आयला दिल्यात. ठेव." आई आता नाही.

तेव्हाच बोलायला हवं होतं. डोसा समोर होता, लेक समोर होती, पैसे बँकेत होते. मी म्हणालो, "बीएस्सीपण चांगलंच असतं."

मग मी जे केलं ते आमच्या गावातलाच माणूस करू जाणे. प्लॉटचं काम झालं की गावदेवीला काही ना काही द्यायची आमच्याकडे रीत आहे. कुणी घंटा देतं, कुणी फरशी बसवून देतं. देताना मुलाबाळाच्या नावाने द्यायचं, म्हणजे आशीर्वाद त्याला लागतो. मी पालखीवर धरायला चांदीचं छत्र केलं, लेकीच्या नावाने. तिला न देता तिच्या नावाने देवीला देऊन मी हिशेब मिटवत होतो. आणि मला हलकं वाटलंसुद्धा, तेही सांगून टाकतो.

चैत्रातल्या जत्रेला ती येणार नव्हती, प्रवेश परीक्षेचा क्लास होता; फी आधीच भरलेली, म्हणून तो तिने सोडला नव्हता. पण माझ्या बहिणीने तिला परस्पर फोन केला होता. बहिणीला छत्राचं काहीच माहीत नव्हतं. तिला फक्त भाचीला मटण आणि तांदळाच्या भाकऱ्या खाऊ घालायच्या होत्या.

पालखी देवळाबाहेर आली, ढोल थांबला आणि माइकवरच्या माणसाने देणग्या वाचायला घेतल्या. माझी पाळी आली. त्याने आवाज चढवला. साडेबारा टक्क्यांच्या प्लॉटचं काम देवीने मार्गी लावलं म्हणून, माझ्याकडून, पालखीला चांदीचं छत्र. आणि मग लेकीचं नाव. पूर्ण नाव, दोनदा.

मी हात जोडून उभा होतो. डोळे उघडले तर जत्रेतल्या पाळण्यांच्या बाजूला लेक, हातात काला खट्टा गोळा, ओठ जांभळे.

ती गर्दीतून माझ्यापर्यंत आली. "बाबा, मी एवढी श्रीमंत आहे हे मला कुणी सांगितलंच नाही."

मला हसता येईना. तिचंही हसू गेलं.

"आईला माहीत आहे?"

"नाही."

"पैसे कधी आले?"

"दिवाळीच्या आधी."

तिने मनात काहीतरी जुळवलं. "म्हणजे पाटल्यांचं मी सांगितलं तेव्हा होते."

"होते."

गोळ्याचं पाणी तिच्या कोपरापर्यंत ओघळत होतं. तिने तो माझ्या हातात दिला. "धर. वितळतोय." आणि ती आत्याच्या घराकडे चालू लागली.

तिथे ती नीट जेवली. रागातही पोटभर जेवते, अगदी आईसारखी. आत्याकडे दुसऱ्यांदा रस्सा मागितला. आत्याला काय झालंय ते कळेना, ती आपली वाढत राहिली. "आजून एक भाकरी घे बाय, तुझ्या बापाच्या अंगावर मांस नाय, तुझ्या तरी येऊ दे." मी ओसरीवर बसून तो गोळा काडीपर्यंत संपवला. टाकवेना.

निघताना लेक चप्पल घालत म्हणाली, "मी आईला सांगणार नाही. तू सांगणारेस. रविवारी ये. हॉटेलात नाही, घरी."

त्यांच्या सोसायटीत मी गेटपर्यंत शंभरदा गेलो असेन, लिफ्टमध्ये त्या दिवशी पहिल्यांदा शिरलो. लेकीच्या आईने दार उघडलं, पाणी दिलं. लेक स्वयंपाकघरात चहा करत होती, भांडी जरा जास्तच वाजत होती. मी सगळं सांगितलं, वकिलांचं, फोनवरच्या त्या वाक्याचंसुद्धा. इतकं सलग मी लग्नातही कधी बोललो नव्हतो.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं."

"केवढं आहे छत्र?"

मी हाताने दाखवलं.

"छान दिसत असेल." तिने माझ्यासमोरचा रिकामा ग्लास उचलला. "तुझ्या भावाची गाडी बघितली होती मी, सिग्नलला. तेव्हाच समजले. म्हटलं, हा सांगेल. या महिन्यात सांगेल, पुढच्या महिन्यात सांगेल. अर्ज मीही करू शकले असते रे. पण मला बघायचं होतं."

मी चेकबुक आणलं होतं, ते काढून टेबलावर ठेवलं.

"ते आत ठेव."

"अगं, फीचे तरी..."

"आत ठेव म्हटलं ना. तू देवीला दिलंस तसं तिला देऊ नकोस. मनात आलं तर छत्र, नाही आलं तर पगार तेवढाच. तिचं जे आहे ते कोर्टात लिहून दे. मग तुझा मूड काही का असेना."

"आणि माइकवर नको," आतून आवाज आला.

ती हसली. पाठोपाठ मीही. चहात साखर नव्हती, ती मुद्दाम घातली नव्हती असं लेक आजही सांगते.

वकिलांना पटेना. पोटगी वाढवून द्या म्हणून देणाराच येतो, असं त्यांनी फार पाहिलं नसावं. शेवटी दोघांच्या सह्यांचा अर्ज गेला. दरमहा रक्कम वाढवायची आणि प्लॉटच्या पैशातून शिक्षणाच्या फीएवढी ठेव लेकीच्या नावावर करायची. कोर्टाच्या बाकावर आम्ही तिघं पुकारा व्हायची वाट बघत बसलो होतो. लेकीच्या आईने डब्यात थालीपीठं आणली होती. न विचारता एक माझ्या हातावर ठेवलं. दबावाखाली करताय का, असं न्यायाधीशांनी विचारलं तेव्हा मी नाही म्हणालो. मागून लेकीचा खोकला ऐकू आला.

बहिणीने साडीवर सोडलेल्या हक्काचं अजून तसंच आहे. तिच्या समोर बसलो की जीभ जड होते. पण आता निदान मला माहीत आहे की ते राहिलंय, आणि ते माझ्याकडून राहिलंय.

ऑगस्टअखेर फिजिओच्या कॉलेजात प्रवेश घ्यायला तिघं गेलो. फीच्या खिडकीशी रांग होती. आमचा नंबर आला तेव्हा पालकांच्या सहीसाठी लेकीच्या आईने हात पुढे केला आणि काऊंटरवर काहीतरी खणकलं. पाटल्या. इतक्या वर्षांत तिच्या हातात मी त्या पाहिल्या नव्हत्या.

मी बघतोय हे तिच्या लक्षात आलं.

"तुझ्या आईला आणलंय बरोबर," ती म्हणाली, आणि पेन माझ्या हातात दिलं. "कर, खाली तुझी."