कान धरला तरी न रडणारं पिल्लू

मित्रांनो,

सोमवार, १३ मे १९७४, दुपारचे तीन. विट्यात घरीच आहे. मांडीवर पॉमेरियनचं मूठभर पिल्लू आहे. पत्र वाचून पुढच्याला द्या आणि, उत्तर येईपर्यंत उशीर झालेला असेल तरी, तुमचं मत कळवा.

शेजारचा तानाजी दिल्लीला गलाईच्या, म्हणजे सोनं-चांदी गाळायच्या दुकानात असतो. सुट्टीवर येताना त्याने हे माझ्या धाकट्या बहिणीसाठी, शकूसाठी आणलं. तो उद्या परत जाणार, म्हणून ठेवायचं की नाही ते आजच ठरवायचं आहे. मागचं पिल्लू आठ दिवसांत दगावलं, तेव्हा शकू दोन दिवस जेवली नव्हती.

दम पारखायला मामांनी नेहमीप्रमाणे कान धरून पिल्लू उचलून पाहिलं. ते रडलं नाही. "लय दमाचं हाय रं! डोळं झाकून घे."

मला राहवेना. गुरांच्या दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले, "असं उचलू नका. एवढं पिल्लू रडत नाही म्हणजे अशक्तही असेल. आईजवळ किती दिवस होतं? दिवसातून किती वेळा खातं? जंताचं औषध दिलंय?"

हेच प्रश्न घेऊन मी परतलो. तानाजीला विचारलं, तर तो हसला. "गड्या, कुत्रं बघतुयास का पोरगी? आसंल म्हैन्याचं."

डॉक्टरांच्या मते दोन महिने आईजवळ हवं होतं. पण परत पाठवावं, तर संपात रखडणाऱ्या रेल्वेचा एवढा प्रवास त्याला सोसेल का?

आत्ता शकूने त्याला बोटाने दूध चाटवलं. दूध संपलं तसं ते पहिल्यांदाच केकाटलं.

"बिघडलं कुत्रं," मामा म्हणाले.

मला मात्र हायसं वाटलं; मागून रडायचं बळ तरी आहे, म्हणून ठेवूनच घेतोय. माझं चुकतंय का?