ओट्यासमोरून

"भारा उतार," ओट्यावरून मालक म्हणाले. "तुन्ही माय वाकस. तुले काय व्हयनं?"

मी अकरा वर्षांची होते. आम्ही सातपुड्यातले. मिरची तोडायला आईसोबत दरवर्षी ब्राह्मणपुरीला यायचो. मालकांच्या ओट्यासमोरून जाताना आमच्या बायकांनी कमरेत वाकायचं, हा तिथला रिवाज. डोक्यावर गवताचा भारा होता. वाकले असते तर पडला असता. म्हणून ताठ गेले.

भारा उतरवला. मालकांनी मला वाकून जायला लावलं. परत यायला लावलं. पाच वेळा. प्रत्येक वेळी म्हणायचे, "आखो खाले." आणखी खाली. ओट्यावरचे हसत होते. आई टोपली धरून उभी होती. वाटेत आमच्या पावरी बोलीत एवढंच म्हणाली, वाकून राहिलं की कोणी बघत नाही.

मी वाकून राहिले. शाळेत, वसतिगृहात, नर्सिंगच्या तोंडी परीक्षेतही.

सत्ताविसाव्या वर्षी मान वळेना. हाताला मुंग्या. तळोद्यात फिजिओथेरपीच्या डॉक्टर बाईंनी एक्स-रे पाहिला. मणके ठीक होते. त्यांनी मला भिंतीला टेकून उभं केलं. टाचा टेकल्या, पाठ टेकली. डोकं टेकेना. हनुवटी आत, नजर समोर, त्या म्हणाल्या. नजर वर आली आणि लगेच खाली गेली. समोर फक्त खिडकी होती.

मग त्यांनी डोक्यावर वाळूची पिशवी ठेवली. खांदे आपोआप मागे गेले.

"हे तर तुम्हाला येतं. मग वाकता कधी?"

"भारा उतरवल्यावर."

त्यानंतर रोज भिंत.

काल लसीकरणासाठी ब्राह्मणपुरीला गेले. ओटा तोच. मालक आता म्हातारे. आई अजून त्यांच्याच शेतात मिरची तोडते. तिचं काम जाऊ शकतं, हे मला माहीत होतं. खांद्याला लसीचा डबा. पाठ आपणहून वाकू लागली. मी थांबले. टाचा. पाठ. हनुवटी.

"वळखस का माले?" मालकांनी विचारलं.

"ओळखते," मी त्यांच्याकडे बघून म्हणाले. तशीच पुढे गेले.

भीती गेली नाही. संध्याकाळी आईला गाठलं. तिच्या खोपीला भिंत नाही, म्हणून शाळेच्या भिंतीशी उभं केलं. तिचं डोकं वीतभर लांब राहिलं. पण भिंतीपासून हलली नाही.

उद्या त्या ओट्यासमोरून आम्ही दोघी जाणार आहोत. डोक्यावर काही न घेता.