डाव्या दिव्याची काच

काल ब्रह्मपुरीच्या स्टँडवर भजी खाल्ली. तेलानं कागद इतका पारदर्शक झाला की मागची अक्षरं उलटी दिसू लागली, आणि मला हमीद आठवला.

आम्ही दोघं मेकॅनिक. नागपूरच्या भंगारातून दोन दारांची एक जुनी जपानी स्पोर्ट्स कार ओढत आणली होती. इंजिन चालू केलं, पण मागच्या डाव्या दिव्याची लाल काच कुठेच मिळेना. तेवढ्यात हमीदला दुबईत काम लागलं. जाताना म्हणाला, "तिकडच्या भंगारात अशा गाड्या पडून राह्यतात. तू मले फक्त माप धाड."

फुटक्या काचेभोवती पेन्सिल फिरवून मी कागदावर आकार काढला आणि धाडला. हात ग्रीसचे होते. कागद तेल प्यायला, आकार दोन्हीकडून दिसू लागला, आणि 'डावी' लिहायचं मी विसरलो.

सहा महिन्यांनी पार्सल आलं. त्याच्या जुन्या बनियनमध्ये गुंडाळलेली काच. उजवी! उजवी तर आमची धड होतीच. सोबत चिठ्ठी: "लय हिंडलो राजा उन्हात. बसली का नाई, कळव."

एवढं हिंडलेल्या माणसाला काय सांगायचं? मी लिहिलं, "बरोबर बसली."

त्यानंतर त्याचं पत्र आलं नाही. तो तिकडेच राहिला. तेव्हा वाटलं, मी त्याचं मन राखलं. आता वाटतं, चुकली म्हणून कळवलं असतं, तर त्याला मला पुन्हा लिहावं लागलं असतं.