ऊन पाठीशी घेऊन बघा

बीएस्सीच्या शेवटच्या वर्षी मी सेमिनारसाठी निवडलेल्या विषयाला आमचे सर भर वर्गात हसले. पृथ्वी हा कुठला तरी अनोळखी ग्रह आहे असं धरायचं आणि तिच्यावर पाणी आहे का, हे लांबून ओळखायचं, असा तो विषय.

“त्याला यान कशाला पाहिजे? घरातला नळ सोडून बघ,” सर म्हणाले.

“आमच्या घरी नळ नाही, सर.”

वर्ग आणखी हसला. कॉलेज कराडला, दोन दोन नद्यांच्या गावी; तिथे पाणी शोधायची पाळी कुणावर येणार? मी दुष्काळी जतकडची. मी विषय बदलला नाही.

कॉलेजच्या वाचनालयात एका इंग्रजी मासिकात मी वाचलं होतं. नव्वद सालच्या शेवटी गुरूकडे निघालेलं एक यान वाटेत पृथ्वीजवळून गेलं. तेव्हा शास्त्रज्ञांनी त्याची यंत्रं पृथ्वीकडेच वळवली, जणू हा ग्रह पूर्वी कुणी पाहिलेलाच नाही. समुद्रावर एका जागी सूर्य आरशात दिसावा तसा चमकत होता. जमिनीवर तसं कुठेच नव्हतं. सपाट पाण्याची ही खूण. तो लेख मी वहीत उतरवून घेतला आणि शिमग्याला गावी गेले.

गावात टँकर बंद. पाहणीला आलेल्या साहेबांनी सकाळी सडकेवर जीप थांबवली होती, अर्ध्या मैलावर तलाव चमकताना पाहिला होता आणि ‘तलावात पाणी आहे’ असं लिहून ते निघून गेले होते. खाली उतरायचे कष्टही घेतले नव्हते.

चमकत होत्या त्या आमच्या घागरी. कोरड्या तलावाच्या मधोमध एक झिरा होता, म्हणजे पाणी पाझरणारा खड्डा. एक घागर भरायला अर्धा तास. दिवसभर उन्हात कोण उभं राहणार? म्हणून बायका घागरीच रांगेत ठेवायच्या. ज्या घरची घागर, त्या घरचा नंबर. आणि भांडी विसळायला पाणी नसल्यामुळे सगळ्या घागरी कोरड्या राखेनं घासलेल्या, लखलखीत.

सरपंचांनी गावसभेत उपाय काढला: टँकर येईपर्यंत बायकांनी घागरी घासू नयेत, काळ्या पडू द्याव्यात. माझी आई, आमच्या सीमेवरच्या बोलीत अव्वा, एकटी उठून उभी राहिली.

“पानी न्हाई ते न्हाई. आता भांडी बी काळी ठिवू व्हय? मी घासनार.”

“आवं अक्का, तुमच्या घासन्यापायीच टँकर अडलाय,” सरपंच म्हणाले.

अव्वा त्या दिवशी जेवली नाही. चोर सोडून संन्याशाला फाशी! माझं डोकं असं फिरलं की दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं मी साहेबांच्या ऑफिसात गेले आणि त्यांना परत बघायला या म्हणाले.

“मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय, बाई.”

“मग सूर्य कुठल्या बाजूला होता, तेही पाहिलं असेल.”

त्यांना ते कळलं नाही, पण झोंबलं. उद्याच येतो म्हणाले, बहुधा माझं तोंड बंद करायला. मी संध्याकाळी घरोघर जाऊन बायकांना काय करायचं ते सांगून आले.

सकाळी जीप सडकेवर त्याच जागी थांबली, तिथे मी आधीच उभी होते. खाली तलाव चमकत होता. “हे काय मग?” साहेब म्हणाले.

“ऊन तुमच्या पाठीशी आहे, साहेब. पाणी सपाट असतं. सकाळचं तिरपं ऊन त्याच्यावर पडलं की पलीकडे निघून जातं, आपल्याकडे परत येत नाही. पाणी असतं तर इथून काळपट दिसलं असतं. घागर गोल. ती कुठूनही चमकते.”

ते ड्रायव्हरकडे बघून हसले. मी लाल ओढणी काढून हवेत हलवली. खाली प्रत्येक बाईनं आपापली घागर उचलून डोक्यावर घेतली. सगळी चमक वर उठली, फुटली आणि आमच्याकडे यायला लागली. मागे उरली नुसती भेगाळलेली माती.

“आयला, तळं चालाय लागलं की!” ड्रायव्हर म्हणाला.

साहेब सडकेच्या कडेपर्यंत जाऊन बघून आले. मग म्हणाले, “लांबून असंच दिसतं हो.”

“लांबून नीट दिसतं, साहेब. पृथ्वीवर पाणी आहे का हे बघणारं एक यान हजारो मैलांवर होतं, त्याला ओळखता आलं. तुम्ही अर्ध्या मैलावर होता.”

तेवढ्यात अव्वा चढ चढून आली. तिनं घागर उतरवून त्यांच्या पायाशी ठेवली. “हात घाला, साहेब. पानी लागलं तर सांगा.”

त्यांनी हात घातला नाही. जीपच्या बॉनेटवर कागद ठेवून उभ्या उभ्या नवीन अहवाल लिहिला.

चौथ्या दिवशी टँकर आला. त्या सकाळी अव्वा राख घेऊन बसली आणि आधीच लखलखीत असलेली घागर तिनं पुन्हा घासली. मग सरपंचांच्या दारावरून मुद्दाम वळसा घालून ती टँकरच्या रांगेत नेऊन ठेवली, सगळ्यांच्या पुढे.